खुर्ची दुसऱ्या गाडीत आहे

माझा पुतण्या प्रीतम काळजी इतकी मन लावून करतो, की जिची काळजी चालली आहे तिला काही विचारायला त्याला वेळच मिळत नाही. टोरांटोच्या वर रिचमंड हिलला त्याचं घर आहे, बँकेत वरची नोकरी आहे, आणि मनाने तो सोन्यासारखा आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्याच्यावर बराच चिडणार आहे. गेल्या जूनमध्ये तो आपल्या चौदा वर्षांच्या मुलीला, केयाला, घेऊन एडमंटनला आला, तो आईला कायमचं आपल्या घरी नेण्याच्या तयारीनेच.

त्याची आई म्हणजे माझ्या सरोजिनीवहिनी. वय अडुसष्ट. सगळी नोकरी सरकारी प्रयोगशाळेत जंतू तपासण्यात गेली, त्यामुळे माणसांनाही त्या जरा भिंगाखाली धरूनच पाहतात. सहा वर्षांपूर्वी मणक्याच्या आजाराने त्यांचे पाय गेले. पुढे दोन वर्षांनी माझा थोरला भाऊ, सूर्यकांतदादा, गेला. तेव्हापासून वहिनी नवव्या मजल्यावरच्या कॉन्डोत एकट्या राहतात. मी आणि माझी बायको सीमा जवळच राहतो. 'त्यांच्याकडे लक्ष ठेवायला' असं आम्ही लोकांना सांगतो. खरं म्हणजे दर रविवारी आयतं जेवायला आम्हीच त्यांच्याकडे जातो.

वहिनींचं मला फार कौतुक आहे आणि ते मी लपवत नाही. त्यांना गाडीत बसताना एकदा तरी बघावं. खुर्ची अगदी हलकी, घडी न होणारी. गाडीचं दार उघडायचं, एक हात सीटवर, एक हात खुर्चीवर, की वहिनी आत. मग चाकाच्या मधलं बटण दाबून एक चाक काढायचं आणि मागे टाकायचं, दुसरं काढायचं आणि मागे टाकायचं, उरलेला सांगाडा अंगावरून पलीकडच्या सीटवर. माझा पट्टा लागेपर्यंत त्यांची गाडी सुरू झालेली असते. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एका दांडीवर, सगळा कारभार हाताने. मी गाडीला विंटर टायर लावायला पहिला बर्फ पडायची वाट बघतो. वहिनी ऑक्टोबरातच स्वतःच्या खुर्चीची जाड चाकं काढून, चढवून मोकळ्या होतात आणि मला फोन करून टोमणा मारतात.

कुठे जायचं असलं की आधी फोन. हॉटेलवाला म्हणतो, येस मॅम, फुली अ‍ॅक्सेसिबल. वहिनी विचारतात, बाथरूमचं दार किती इंच? तो बिचारा मोजून येतो. सगळं ठरल्यावर त्याला आठवतं, की दर्शनी दारात दोन पायऱ्या आहेत, पण अगदी छोट्या. 'छोट्या आहेत ना, मग काढून ठेवा, मी येतेच,' असं म्हणून वहिनी फोन ठेवतात आणि दुसरं हॉटेल शोधतात.

मग प्रीतमला बोचत काय होतं? त्याच वर्षी जानेवारीत कॉन्डोची लिफ्ट बिघडली आणि वहिनी दोन दिवस वर अडकल्या. त्यांनी कुणाला कळवलं नाही. फ्रीज भरलेला होता, वाचायला पुस्तकं होती, कळवून करायचं काय, असं त्यांचं म्हणणं. पुढे फोनवर बोलता बोलता त्यांनी केयाला सांगितलं आणि केयाने बापाला. प्रीतमने महिनाभरात आपल्या घरातली खालच्या मजल्यावरची एक खोली आईसाठी तयार करून घेतली. रुंद दार, बाथरूममध्ये कठडे, खिडकीतून बाग. फोटो पाठवले. खोली खरंच सुरेख होती. कॉन्डो विकायला एजंटसुद्धा त्यानेच बघितला.

वहिनी भांडल्या नाहीत. म्हणाल्या, "प्रीतम, चार दिवस आपण सगळे फिरायला जाऊ. वॉटरटनला, तळ्यावर. मला काय जमतं, काय नाही, ते डोळ्यांनी बघ. परत आल्यावर तू म्हणशील तसं. विक म्हणालास तर विकू."

मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "वहिनी, हा जुगार आहे."

"जुगार कसला, भाऊजी? प्रयोग आहे," त्या म्हणाल्या. "निकाल मला माहीत आहे. त्याला दिसायला हवा."

प्रयोग निघण्याआधीच बिघडला. वहिनींनी छोटी गाडी भाड्याने घ्यायला सांगितली होती. प्रीतम घेऊन आला ती ट्रकएवढी उंच एसयूव्ही. तिची सीट वहिनींच्या खांद्याला लागत होती.

"छोटी घे म्हटलं होतं ना रे?"

"आई, फ्री अपग्रेड मिळालं. सो मच मोअर कम्फर्टेबल. तू फक्त बस, मी उचलतो ना."

आणि त्याने उचललं. लहान मुलाला झोपेतून उचलून पलंगावर नेतात तसं, एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली. वहिनींचा चेहरा त्या वेळी मी पाहिला. त्यांनी फक्त ओढणी सारखी केली. मी म्हटलं, वहिनी माझ्या कोरोलात बसतील, ती त्यांच्या मापाची आहे. प्रीतम म्हणाला, "काका, प्लीज. आय वॉन्ट टू स्पेंड टाइम विथ हर." पुढे त्याची एसयूव्ही, मागे सामान आणि सीमाला घेऊन मी, असे आम्ही भल्या सकाळी निघालो.

कॅलगरीला नाश्त्यासाठी विलासकडे थांबायचं ठरलं होतं. विलास आमच्या आंबेडकर असोसिएशनचा कॅलगरीचा माणूस, माणूस म्हणून लाखात एक. त्याच्या बायकोने, कृतिकाने, पोहे, सावजी रस्सा आणि वर शिरा, असा नाश्ता केला होता, की नंतर गाडी चालवायची इच्छाच होऊ नये. बाहेर पाऊस पडत होता. गराजमधून आत जायच्या दारात 'जय भीम' झाला, आणि आपल्या माणसांच्या घरी होतं तेच झालं. आम्ही सगळे बूट काढायला वाकलो आणि कृतिकाची नजर वहिनींच्या चाकांवर गेली. चाकांना चिखल, आत नवी कोरी लाकडी जमीन.

वहिनींच्या पाठीमागच्या पिशवीत एक जुना टॉवेल असतो, नेमका याच कामासाठी. त्या काढायला लागल्या होत्या. "दोन मिनिटं थांब, कृतिका, चाकं पुसून घेते."

"अहो वहिनी, तुम्ही कशाला? आणि त्या खुर्चीत कशाला अवघडून बसता? सोफ्यावर छान आरामात बसा," कृतिका अगदी मनापासून म्हणाली. तिचं वाक्य संपायच्या आत प्रीतमने आईला उचलून सोफ्यावर नेलं होतं. मागे उशी, पायांवर शाल, हातात पोह्यांची ताटली. विलासने खुर्ची उचलली आणि गराजमध्ये वर्तमानपत्रावर, सगळ्यांच्या बुटांशेजारी, निथळायला ठेवली.

मग गप्पा रंगल्या. विलासला मध्येच कामावर जायचं होतं, तो गाडी घेऊन गेला. आम्हीही निघालो. पाऊस वाढला होता, म्हणून गराजकडून न जाता समोरच्या दाराने. कृतिकाने आमचे बूट तिथेच आणून दिले. सीमाने छत्री धरली, प्रीतमने आईला सोफ्यावरून थेट गाडीत ठेवलं. वहिनींनी विचारलं, "खुर्ची?" प्रीतम म्हणाला, "काकांच्या गाडीत आहे." सामान माझ्या गाडीत होतं, तेव्हा खुर्चीही असणार, असं त्याला वाटलं. मला वाटलं, वहिनी त्याच्या गाडीत आहेत, तेव्हा खुर्चीही तिथेच असणार. उरलेल्या सगळ्यांनाही असंच काहीतरी वाटलं.

पुढचे तीन तास आम्ही मजेत गेलो. पाऊस मागे राहिला, एका बाजूला पिवळी कुरणं आणि समोरून हळूहळू वर येणारे डोंगर. केया झोपली म्हणून प्रीतम कुठे थांबला नाही. वॉटरटनला तळ्याकाठी गाड्या लावल्या. वारा असा, की दार उघडताना हातातून सुटावं. प्रीतम आळस देत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, खुर्ची द्या."

मी डिकी उघडली. दोन बॅगा, कूलर, सीमाचा लाडवांचा डबा. मग आम्ही दोघांनी त्याची डिकी उघडली. मग दोघांनी, काय सुचलं कुणास ठाऊक, पुन्हा माझी उघडली.

वहिनी उघड्या दारातून आमच्याकडे बघत होत्या. त्यांना कळलं होतं. "कृतिकाला फोन करा," त्या म्हणाल्या.

फोन सीमाने केला. खुर्ची गराजमध्येच होती. बूट आणायच्या गडबडीत कृतिकाचं तिच्याकडे लक्ष गेलं नव्हतं, पण तासाभरापूर्वी ती दिसली होती. "पण मला वाटलं, तुम्ही मुद्दाम ठेवली," ती म्हणाली. "प्रीतम उचलतोच आहे ना सगळीकडे. म्हटलं, नको असेल."

हे ऐकून मी भडकलो. कृतिकावर नाही. तिने जे पाहिलं त्यावरून तिने बरोबरच अंदाज बांधला होता. मी प्रीतमला सुनावलं, "अरे, आईला विसरलास काय आणि खुर्चीला विसरलास काय, एकच." घाबरलेला माणूस करतो तेच त्याने केलं. त्याने आईला पुन्हा उचललं.

"प्रीतम, नको," वहिनी म्हणाल्या.

"आई, दोन मिनिटं. बघ ना किती मस्त व्ह्यू आहे." तळ्यासमोरच्या लाकडी बाकावर त्याने त्यांना नीट बसवलं, अंगावर जॅकेट घातलं आणि तो पार्कच्या ऑफिसमध्ये खुर्ची मिळते का बघायला पळाला. सीमा कॉफी आणायला गेली. केया तळ्याचे फोटो काढायला उतरली. मी वहिनींच्या शेजारी उभा राहिलो.

तळं निळंशार, पलीकडे डोंगरावर अजून बर्फ, एक हरीण खुशाल रस्त्यावरून चालत होतं. सुंदर म्हणावं असं सगळं समोर होतं. थोड्या वेळाने बाकावर ऊन आलं, थेट वहिनींच्या डोळ्यांवर. त्यांनी हात आडवा धरला. मग मान वळवली. मग डोळे मिटले. पाठीला टेका नीट नव्हता, म्हणून एका हाताने त्यांनी बाकाची कड घट्ट धरली होती. सावली दोन हातांवर होती. मी विचारलं, "सरकवू का?" त्या म्हणाल्या, "राहू द्या, भाऊजी. कितीदा सरकवाल?"

सहा वर्षं मी या बाईला खुर्चीत पाहत आलो. बर्फात, विमानतळावर, दादाच्या अंत्यविधीला. खरं सांगतो, वहिनी अपंग आहेत असं मला त्या दिवशी, त्या बाकावर, पहिल्यांदा वाटलं.

प्रीतम एक खुर्ची ढकलत आला. ऑफिसातल्या बाईने लगेच दिली होती, भली बाई. पण ती दवाखान्यात असते तशी, पुढे-मागे चारही चाकं छोटी. बसणाऱ्याच्या हाताला चाक लागतच नाही. दुसऱ्याने ढकलली तरच ती चालते. प्रीतमला तो फरक कळला नव्हता. "सॉर्टेड, आई," तो धापा टाकत म्हणाला. "बघ, म्हणूनच मी म्हणतो ना? अशा वेळी तू एकटी असतीस तर काय केलं असतंस?"

वहिनींनी डोळे उघडले. आवाज चढवला नाही. प्रयोगशाळेत चुकीची नळी उचलणाऱ्याला सांगावं, तशा शांतपणे बोलल्या.

"एकटी असते तर माझी खुर्ची माझ्याजवळ असती, प्रीतम. सहा वर्षांत ती एकदाही हरवली नाही. आज तुम्ही चौघं बरोबर आलात आणि हरवली."

केया फोटो काढून वर आली होती, तिने ऐकलं. बापाच्या दंडाला हात लावून ती म्हणाली, "डॅड, शी सेड नो. यू स्टिल पिक्ड हर अप." ती रागावून बोलली नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं असावं. मी जातो, खुर्ची आणतो, असं मी म्हटलं, तर प्रीतमने मान हलवली. "नाही काका. मी जातो." आणि तो एकटा निघून गेला. सहा तासांचं येणं-जाणं, समोर तळं असताना.

वहिनींनी त्या ढकलगाड्यात बसून घेतलं. केया ढकलत होती, आणि पोरगी शहाणी, दर वळणावर विचारायची, "आजी, लेफ्ट ऑर राइट?" आम्ही वॉशरूम गाठलं, झाडाची सावली गाठली, लाडू खाल्ले. सीमा आणि केया पाण्यात पाय बुडवायला गेल्या तेव्हा मी वहिनींना म्हणालो, "तुमच्या प्रयोगाचं काय व्हायचं आता?"

"भाऊजी, मला भीती वाटली हो त्या बाकावर," त्या म्हणाल्या. वहिनींच्या तोंडून हा शब्द मी पूर्वी ऐकला नव्हता. "लिफ्ट बंद पडली तेव्हा नव्हती वाटली. तिथे मी माझ्या घरात फिरत होते, चहा करत होते. आज वाटली. प्रीतमची ती खोली चांगलीच आहे. प्रेमाने बांधली आहे त्याने. पण तिथे मी रोज अशीच बसेन. कुणीतरी चांगल्या जागी ठेवलेली." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. प्रीतम विलासच्या गराजमधून बोलत होता. "आई, ही फोल्ड कशी करायची?"

"घडी होत नाही तिची. चाकं काढायची."

"कशी?"

मुलगा बेचाळीस वर्षांचा, आई सहा वर्षं या खुर्चीत, आणि त्याला चाक कसं काढायचं हे माहीत नव्हतं. दर वेळी तो आईला उचलायचा आणि खुर्ची दुसरं कुणीतरी बघायचं. वहिनींनी फोन स्पीकरवर टाकला. "चाकाच्या मध्ये बटण आहे ना? ते दाब. दाबून धर आणि चाक स्वतःकडे ओढ." थोडी खुडबुड झाली, काहीतरी पडलं. "निघालं," प्रीतम म्हणाला. आणि थोड्या वेळाने, वेगळ्याच आवाजात, "आई, ही एवढी हलकी असते?"

"हो. म्हणून तर मला उचलता येते," वहिनी म्हणाल्या.

तो परत आला तेव्हा उन्हं डोंगराच्या कडेला टेकली होती. जूनमधला दिवस, उजेड अजून भरपूर होता. आम्ही झाडाखाली होतो. त्याने गाडीतून सांगाडा काढला, चाकं काढली आणि आमच्या समोर गवतावर बसून ती लावायला घेतली. पहिलं चाक बसेना. मी पुढे झालो, तर वहिनींनी मला डोळ्यांनीच दटावलं. त्याने ते फिरवलं, वाकडं केलं, सरळ केलं, शेवटी ते खट करून बसलं. दुसरं पटकन बसलं. चाकांवर चिखल नव्हता. कृतिकाने पुसली की त्याने, ते मी विचारलं नाही.

खुर्ची त्याने आईच्या शेजारी आणून लावली आणि सवयीने त्याचे दोन्ही हात पुढे आले, एक पाठीकडे, एक गुडघ्यांकडे. ते मधल्यामध्ये थांबले. मग त्याने ते मागे घेतले आणि पाठीमागे धरून ठेवले. वहिनींनी एक हात इकडे, एक हात तिकडे ठेवला, अंग उचललं आणि त्या आपल्या खुर्चीत बसल्या. पाय एकेक करून जागेवर ठेवले. ओढणी सारखी केली. दोन्ही हात चाकांवर ठेवून जागच्या जागी एक गिरकी घेतली आणि केयाने टाळ्या वाजवल्या. मला स्वतःला रडू येईलसं वाटलं, म्हणून मी कूलर आवरायला घेतला.

"आई," प्रीतम म्हणाला, "त्या एजंटला मी येताना फोन केला. नाही म्हणून सांगितलं."

"चार दिवसांचं ठरलं होतं. अजून एकही पुरता झाला नाही."

"नको चार दिवस." तो गवताकडे बघत होता. "गराजमध्ये, आई, ती बुटांमध्ये ठेवली होती. निघताना त्या बुटांमधूनच कृतिकाने माझे बूट आणून दिले. आणि माझ्या लक्षात नाही आलं." मग त्याने वर पाहिलं. "लिफ्ट बंद पडली तर मला सांगशील? तेवढं तरी?"

"सांगेन," वहिनी म्हणाल्या. "तेवढं माझं चुकलं होतं."

खाली डांबरी वाट वळत वळत तळ्याच्या काठाशी गेली होती आणि वारा आता पडला होता. वहिनी तिकडेच बघत होत्या. प्रीतमने ते पाहिलं. त्याचे हात अजून पाठीमागेच होते.

"आई, पाण्यापर्यंत जायचंय?"

"हो."

"मी येऊ?"

वहिनींनी वळून त्याच्याकडे पाहिलं, चांगलं निरखून. सहा वर्षांत काही करण्याआधी त्याने त्यांना पहिल्यांदाच विचारलं होतं.

"ये," त्या म्हणाल्या.